भिवापूरची मिरची आणि पवनीचा भात: केवळ जेवणासाठी काढलेला एक दिवस

धागाकर्ती

नमस्कार मंडळी.

नागपूरहून उमरेडमार्गे भिवापूर आणि पुढे निलज फाट्यावरून वळून पवनी, असा प्रवास आम्ही गेल्या फेब्रुवारीत केवळ जेवणासाठी केला. जाताना अंतर शंभर किलोमीटरच्या आतच भरते, त्यामुळे सकाळी निघून दिवेलागणीला घरी येता येते. कऱ्हांडल्याच्या जंगलात वाघ पाहण्यासाठी या रस्त्याने पुष्कळ लोक जातात. परंतु ज्या मुलखातून आपण जात आहोत तेथील माणसे घरी काय जेवतात, हे फारसे कोणी विचारत नाही. आम्हीही पहिल्या खेपेला विचारायला चुकलो होतो आणि त्याची रुखरुख मनात राहिली, म्हणून आधी तेच सांगते.

दोन वर्षांपूर्वी, ऐन दिवाळीनंतर, आम्ही याच रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात दुपारी जेवायला थांबलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणीला आलेला धान उभा होता. "इकडची भाजी, नदीचा मासा, असे काही मिळेल का?" असे मी वाढणाऱ्या मुलाला विचारले. तो अगदी सहजपणे म्हणाला, "ते तर घरी खातात जी, हॉटेलात कोन मागते?" मग पनीरची भाजी आली, तंदुरी रोटी आली आणि शेवटी भात आला, तो बासमतीचा. धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या हॉटेलात बाहेरचा तांदूळ शिजतो, याचे मला खरोखर वाईट वाटले. मुलाचा दोष नव्हता. त्याच्याकडे कोणी मागतच नव्हते.

या वेळी आम्ही रीत बदलली. माझ्या यजमानांच्या कार्यालयातील एका भगिनींचे माहेर पवनीचे आहे. त्यांच्या काकू गावात नोकरीनिमित्त राहणाऱ्यांना जेवणाचे डबे देतात. त्यांना दोन दिवस आधी निरोप दिला आणि एवढेच सांगितले की पाहुण्यांसाठी म्हणून वेगळे काही करू नका, फेब्रुवारीत तुमच्या घरी जे शिजते तेच आम्हाला वाढा, पैसे मात्र घेतलेच पाहिजेत.

सकाळी साडेसातला निघालो. भिवापूरच्या बसस्थानकाजवळ आलूबोंडा आणि तर्री खाल्ली. ती उत्तम होती, परंतु तशी तर्री नागपुरातही मिळते, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

भिवापुरात पाहण्यासारखे आहेत ते मिरचीचे सातरे. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: सातरा म्हणजे मिरची वाळवण्याचे आणि निवडण्याचे मोकळे मैदान. जानेवारीपासून तोडणीची लाल मिरची तेथे येऊन पडते आणि दूरवर जमीन लाल दिसते. आम्ही परवानगी विचारून एका सातऱ्यावर गेलो. गाडीचे दार उघडताच घशात खवखव सुरू झाली आणि माझ्या धाकट्याला एकामागून एक शिंका आल्या. ढिगाभोवती बायका बसल्या होत्या. त्यांनी नाकातोंडावरून लुगड्याचा पदर किंवा ओढणी घट्ट बांधली होती आणि त्या देठ खुडत होत्या. डाव्या हाताच्या चिमटीत मिरची, उजव्या अंगठ्याच्या नखाने एक झटका, देठ एका बाजूला आणि मिरची टोपलीत, हे सगळे इतक्या वेगाने चालले होते की डोळा ठरत नव्हता. एका मावशींच्या अंगठ्याचे नख मुळापासून तांबूस झाले होते आणि त्याच्या कडेची कातडी फाटलेली होती. त्या म्हणाल्या, कामाला बसण्यापूर्वी हाताला तेल चोळायचे आणि संध्याकाळी घरी गेल्यावर लेकराला लगेच उचलून घ्यायचे नाही. मी आजवर वर्षभराचे तिखट भरताना मिरचीचा भाव तेवढा पाहत आले होते. ते नख आता डोळ्यांपुढून जात नाही.

तेथून दोन किलो मिरची "भिवापुरी" म्हणून घेतली.

पवनीला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. काकूंच्या ओसरीवर ताटे मांडलेली होती. वांगी, आलू आणि पोपटाचे दाणे यांची रस्साभाजी होती (मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी: पोपट म्हणजे वालाच्या हिरव्या शेंगा, आणि आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तो भाजीवर मुठीने पडतो). लाखोळीच्या (म्हणजे खेसारीच्या) डाळीचे वडे होते. जवसाची चटणी होती, तिच्यावर कच्चे तेल घातलेले. वैनगंगेच्या रोहूचा रस्सा वेगळ्या पातेल्यात होता. पोळ्या होत्या, परंतु काकूंनी त्या लहान मुलांपुरत्याच केल्या होत्या, कारण त्यांच्या मते या जेवणात पोळीचे काम नाही.

आता भाताविषयी. काकूंनी भात पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवला, पातेल्यावर झाकण धरून ते ओट्याच्या कडेला कलते केले आणि पेज एका भांड्यात काढून घेतली. मग निखाऱ्यावर पाच मिनिटे ठेवून वाफ जिरवली. पानात पडलेला तो भात बारीक, पांढराशुभ्र आणि मोकळा होता, तरीही बोटांनी रश्श्यात कालवला की तो रस्सा धरून ठेवत होता. बासमतीचे शीत रश्श्यातून निसटून जाते, हे निसटत नव्हते. काढलेल्या पेजेत मीठ आणि जिरे घालून ती आम्हाला वाटीतून प्यायला दिली. भात हा इतर पदार्थांना सोबत म्हणून खायचा असतो, अशी माझी समजूत होती. त्या ओसरीवर मी तिसऱ्यांदा भात मागून घेतला तो नुसत्या पेजेबरोबर आणि जवसाच्या चटणीबरोबर. काकू म्हणत होत्या, "घ्या ना जी बाई, भाताले कायची लाज?"

प्रत्येक ताटाचे दीडशे रुपये आम्ही दिले, तेही काकूंनी दोनदा नाकारल्यावर. जेवणानंतर जगन्नाथ टेकडीकडे गेलो. तेथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले होते. नंतर घाटावर थोडा वेळ नदी पाहत बसलो आणि पाच वाजता परत निघालो.

आता जाणकारांना विचारायचे आहे ते असे. मी आणलेली मिरची खरोखर भिवापुरी आहे का, आणि ते कसे ओळखावे? मासे खाण्यासाठी कोणत्या महिन्यात जावे? आणि लाखोळीविषयी माझ्या सासूबाईंनी भीती घातली आहे की त्या डाळीने पाय जातात. मुलांनी चार-चार वडे खाल्ले आहेत, म्हणून हे आधी सांगावे.

आरोग्यसेवक

ताई, आधी तुमची काळजी दूर करतो, कारण मुलांचा विषय आहे. चार वड्यांनी काहीही होत नाही.

सासूबाईंचे म्हणणे मात्र निराधार नाही. लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचे एक विषारी द्रव्य असते. दुष्काळात किंवा अत्यंत गरिबीत ज्यांना अनेक आठवडे, अनेक महिने दुसरे धान्य न मिळता जवळजवळ लाखोळीवरच राहावे लागले, अशा लोकांमध्ये पायांचा कायमचा लुळेपणा आढळला आहे. त्याला लॅथिरिझम म्हणतात. याच कारणाने १९६१ मध्ये देशात या डाळीच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. महाराष्ट्राने पुढे ती उठवली. भात, भाज्या, इतर डाळी असे मिश्र जेवण असणाऱ्या घरात अधूनमधून वडे करणे आणि सहा महिने केवळ लाखोळी खाणे यांत फार मोठे अंतर आहे. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले की बरेचसे द्रव्य निघून जाते. पवनीकडच्या जुन्या बायका हे शिकवल्याशिवाय करतात.

नागपूर महालकर

धागा फार आवडला. एक विनंती आहे. पवनी हे कोष्ट्यांचे, विणकरांचे जुने गाव आहे आणि सावजी रस्सा ही मुळात हलबा कोष्टी समाजाच्या घरातील पाककृती. तेथे कोणाच्या घरी किंवा खानावळीत सावजी जेवण मिळते का, हे कोणी सांगितले तर पुढच्या खेपेला त्यासाठी जाईन.

भिवापूरचा शेतकरी

ताई, तुम्ही सातऱ्यावर जाऊन बायकांच्या हातांकडे पाहिले, हे वाचून बरे वाटले. आमच्या घरी तीन पिढ्या मिरची आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुम्ही आणलेली मिरची बहुधा संकरित वाणाची आहे. भिवापूरच्या सातऱ्यावर जी मिरची वाळते ती सगळी भिवापुरी वाणाची असते असे नाही, आणि सगळी आमच्या तालुक्यातली असते असेही नाही. माल चारी बाजूंनी येतो, येथे निवडला जातो, पोत्यात भरला जातो आणि पुढे जातो. गाव बाजारपेठेचे असल्यामुळे गावाचे नाव मालाला चिकटते. यात कोणी तुम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण विकणाऱ्याच्या मनात "भिवापूरला घेतलेली" ती भिवापुरी, असा अर्थ असू शकतो.

खरी भिवापुरी म्हणजे आमच्याकडे घरचे बी राखून लावत आलेलो तो गावरान वाण. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन मिळाल्याचा आनंद मोठा होता, परंतु तोवर बहुतेकांच्या शेतातून तो वाण निघून गेलेला होता. कारणे सांगतो. संकरित मिरची एकरी जास्त उतरते. गावरानाला तोडणीची मजुरी तेवढीच लागते आणि माल कमी निघतो. बोकड्या रोग पडला की झाडाची पाने आकसतात आणि हंगाम हातचा जातो. त्या वर्षी कर्ज कसे फेडायचे, हा प्रश्न वाणाच्या अभिमानापेक्षा मोठा ठरतो. माझ्या वडिलांनीही एक वर्ष असेच सोडले. आईने मात्र मडक्यात बी राखून ठेवले होते, म्हणून आज आमच्याकडे अर्ध्या एकरात तो वाण आहे.

बी कसे राखतात तेही सांगतो, कारण ओळखीची किल्ली तेथेच आहे. पहिल्या तोडणीचे फळ बियाण्याला घेत नाहीत आणि शेवटच्या तोडणीचेही घेत नाहीत. मधल्या तोडणीत, ज्या झाडावर एकही पान आकसलेले नाही अशा झाडाला आई चिंधी बांधून ठेवते. त्या झाडाची फळे पिकून झाडावरच थोडी सुकू देते, मग सावलीत वाळवते, दाणे काढते आणि राखेत घोळवून मडक्यात भरते. मृगानंतर त्याचीच रोपे टाकतो. तेव्हा पुढच्या वेळी मिरची घेताना "भिवापुरी आहे का?" असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी हो असेच येईल. "बी घरचे की दुकानाचे?" असे विचारा. ज्याचे बी घरचे असेल तो तुम्हाला त्या बियाण्याची सगळी कथा सांगेल, आणि ज्याचे दुकानाचे असेल तोही बहुतेक वेळा खरेच सांगेल.

ठेच्याला किंवा माशाच्या रश्श्याला ही मिरची वापराल तर तिखट कुटून घरी करा. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे तिखट जात्यात राहिलेले असते आणि दोन किलोंत ते पावशेर मिसळते.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. "बी घरचे की दुकानाचे" हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे. आरोग्यसेवकदादा, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचे समाधान झाले आहे आणि डाळ भिजवलेले पाणी फेकायचे ही गोष्ट त्यांच्या आईकडून त्यांनाही ठाऊक होती, असे त्या म्हणाल्या.

वैनगंगेकाठचा

आम्ही ढिवर. नदीवर आणि तलावांवर आमचे घर चालत आले आहे. माशाविषयी विचारले आहे म्हणून लिहितो.

आषाढ-श्रावणात मासा खाण्यासाठी येऊ नका. तेव्हा मासळी अंड्यावर असते आणि नदी गढूळ असते. त्या दिवसांत जे जाळ्यात येते ते येऊ द्यायला नको असे आमचे जुने लोक सांगत. दसऱ्यानंतर पाणी निवळते. कार्तिकापासून माघापर्यंत मासा चवीला सर्वांत चांगला लागतो. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पकडायला सोपा जातो, पण चव तितकी राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही खाल्लेला रोहू नदीचा होता की तलावाचा, हे काकूंना विचारले होते का? आमच्या भंडारा जिल्ह्यात शेकडो जुने मालगुजारी तलाव आहेत. आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो, माजी मालगुजारीचे ते संक्षिप्त रूप. हे तलाव धानाच्या पाण्यासाठी कोहळी लोकांनी आणि मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, बांधले, पण त्यांत मासा, शिंगाडा, कमळाचे कंद हेही होत आले. आता सहकारी संस्थांमार्फत तलावांत रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडतात. मरळ आणि वाम मात्र आपोआप येणारे. ज्यांना काट्याची भीती वाटते त्यांनी मरळ मागावा, त्यात आडवे काटे नसतात. वाम सापासारखी दिसते म्हणून शहरातील पाहुणे तोंड फिरवतात, पण तिचा रस्सा एकदा खाल्ला की रोहू आठवत नाही.

नदीबद्दल दुःखाने सांगावे लागते. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. ते पवनीच्या वरच्या अंगाला आहे. धरण झाल्यावर नदीचा वाहता पट्टा बदलला. वाहत्या पाण्यातील जाती कमी झाल्या, साचलेल्या पाण्यातील वाढल्या. त्यात नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून आंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेला येऊन मिळते. ताई, तुम्ही नागपूरच्या आहात, म्हणून रागाने नव्हे तर आपलेपणाने सांगतो: तुमच्या घरातील मोरीचे पाणी आमच्या जाळ्यापर्यंत येते. झिंगे (कोळंबी) पूर्वी घाटाखाली मुबलक मिळत. आता ज्या दिवशी सापडतात त्या दिवशी ते गावात न विकता सरळ नागपूरला जातात, कारण तेथे भाव मिळतो. म्हणजे पवनीला येऊन झिंगे खायचे असतील तर आदल्या दिवशी निरोप देऊन एक किलो बाजूला ठेवायला सांगावे लागते.

मासा घेताना कल्ला उचलून पाहा. आत लाल आणि ओला हवा. बर्फातील माशाचा कल्ला तपकिरी पडतो. डोळ्यांवरून सांगणारे बरेच चुकतात.

धागाकर्ती

दादा, तुमचे वाक्य वाचून काही वेळ काहीच लिहिता आले नाही. नाग नदीच्या पुलावरून मी रोज जाते आणि तिला नाला म्हणते. पवनीच्या घाटावर बसून "किती छान पाणी आहे" असे म्हणणारीही मीच होते.

रोहू तलावाचा होता. काकूंना आजच फोन करून विचारले.

नागभीडकर

बासमतीचे तुमचे दुःख आम्ही रोज पाहतो. लग्नाच्या पंगतीतही आता लोक लांब दाण्याचा तांदूळ बाहेरून आणतात आणि घरचा तांदूळ गोदामात राहतो.

तुम्ही जो भात खाल्ला तो वर्णनावरून एचएमटी असावा असे वाटते. तसे असेल तर त्याची जन्मभूमी पवनीपासून दूर नाही. आमच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी होते. १९८३ मध्ये त्यांना पटेल-३ या वाणाच्या आपल्या शेतात काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या आणि अशी कित्येक वर्षे निवड करत राहिले. शिक्षण जेमतेम, जमीन जेमतेम, हाती असलेली शोधक नजर एवढेच भांडवल. त्या काळात एचएमटीची घड्याळे सर्वांच्या हातात असत, म्हणून तांदळाला तेच नाव पडले. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. दुकानात एचएमटीचे पोते मागणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असते, म्हणून प्रत्येक ठिकाणी मी ते सांगतो.

एक व्यावहारिक गोष्ट. नवा तांदूळ डिसेंबर-जानेवारीत निघतो आणि तो शिजवला की गिचका होतो. पेज प्यायची असेल तर नवाच चांगला, त्याची पेज दाट आणि गोडसर होते. पाहुण्यांना वाढायचा मोकळा भात मात्र एक वर्ष जुन्या तांदळाचा. तुमच्या काकूंनी फेब्रुवारीत मोकळा भात वाढला, याचा अर्थ त्यांनी जुना तांदूळ तुमच्यासाठी काढला होता. पाहुण्यांसाठी वेगळे काही करू नका असे तुम्ही सांगितले होते. पण त्यांनी ते ऐकलेले दिसत नाही.

पुण्याची वाचक

सर्व प्रतिसाद वाचले आणि जावेसे वाटते आहे. परंतु एक शंका मांडते. आम्हा बाहेरच्या लोकांची पवनीत ओळख नाही. कोणाच्या घरी निरोप पाठवून जेवायला जाणे आम्हाला जमणार नाही, आणि धाग्यावरून वीस-पंचवीस जण त्या एका काकूंच्या ओसरीवर गेले तर त्यांचेही हाल होतील. यावर काही उपाय आहे का?

भिवापूरचा शेतकरी

ताईंची शंका रास्त आहे. काकूंचे नाव आणि पत्ता धाग्यावर येऊ नये, असे माझेही मत आहे. दुसरा मार्ग असा की आठवडी बाजाराचा वार आधी विचारून त्याच दिवशी यावे. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बायका शेंगा, भाजी, डाळ, जवस घेऊन बसतात. शिवाय गावोगावी महिलांचे बचत गट आहेत. दहा-बारा माणसांचे जेवण आदल्या दिवशी सांगितले तर गटातील बायका आनंदाने करून देतात आणि त्यांना चार पैसे मिळतात. ग्रामपंचायतीत किंवा अंगणवाडीत चौकशी केली तर कोणीतरी नाव सुचवतेच. मागताना मात्र पदार्थाचे नाव घेऊन मागावे. "काहीही चालेल" असे म्हटले की आमच्याकडच्या बायका शहरातील पाहुण्यांसाठी पनीरच आणतील, कारण त्यांना तोच आदरसत्कार वाटतो.

पवनीची माहेरवाशीण

धागाकर्तीला पाठवणारी ती "कार्यालयातील भगिनी" मीच. काकूंना मी हा सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. जुन्या तांदळाचे नागभीडकरांनी ओळखले, यावर त्या पुष्कळ वेळ हसत होत्या. तांदूळ एचएमटीच होता, स्वतःच्या बांधीतला, मागच्याच्या मागच्या हंगामाचा.

महालकरांनी सावजीविषयी विचारले होते. काकू म्हणतात की कोष्ट्यांच्या घरी तो रस्सा अजून होतो, पण विकायला नाही. गावातील ओळखीतूनच जमेल.

लाखोळीच्या वड्यांची कृती तिघांनी मला वेगळी विचारली आहे, म्हणून काकूंनी सांगितली तशी येथे देते. आमच्याकडे लाखोळी वेगळे शेत ठेवून पेरत नाहीत. धान कापणीला येण्यापूर्वी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी आणि जवस फेकून देतात, त्याला उतेरा म्हणतात. धान निघाला की त्याच ओलीवर ती वाढतात आणि वेगळे पाणी द्यावे लागत नाही. म्हणूनच तुमच्या ताटात भात, लाखोळी आणि जवस एकत्र आले होते. ती तिन्ही एकाच बांधीची होती.

डाळ रात्री गरम पाण्यात भिजत घालावी आणि ते पाणी सकाळी ओतून द्यावे. पुन्हा दोन पाण्यांनी धुवावी. पाट्यावर वाटताना पाणी घालू नये. मिक्सरमध्ये करत असाल तर थोडी-थोडी घालून, थांबत-थांबत फिरवावी, कारण डाळीचा चौथा हिस्सा तरी दातांखाली लागला पाहिजे. त्यात लसूण, हिरवी मिरची, जिरे, भरपूर सांबार आणि मीठ घालावे. सोडा घालू नये. तळहात पाण्याने ओला करून त्यावर गोळा चपटा थापावा, कडा पातळ आणि मध्ये थोडा जाड, आणि तेल तापल्यावर आच मंद करून सोडावा. काकू वडा उलटण्याआधी झाऱ्याने त्याच्या कडेवर हलकेच टिचकी मारतात. कडेचा आवाज कोरडा आला की उलटायचा. भाजलेल्या भेदऱ्याच्या (टोमॅटोच्या) चटणीबरोबर तो गरमच खावा. उरलेले वडे दुसऱ्या दिवशी रश्श्यात सोडतात, आणि आमच्या घरातील मुले त्या दुसऱ्या दिवसाचीच वाट पाहतात.

धागाकर्ती

काल रात्री डाळ भिजवली होती. आज सकाळी वडे केले. टिचकीचा आवाज मला अजून ओळखता येत नाही, पहिले सहा आत कच्चे राहिले आणि सातव्यापासून जमू लागले. तिखट वापरले ते सातऱ्यावरून आणलेल्या मिरचीचे, घरी कुटलेले. भिवापूरच्या काकांनी अर्ध्या एकरातून दोन किलो द्यायचे कबूल केले आहे. त्यासाठी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी वैनगंगेकाठच्या दादांना वाम बाजूला ठेवायला आजच सांगून ठेवते.